साहेबांसाठी शिळं पाणी

६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. फोनच करणार होते. पण पंपांच्या आवाजात तीस वर्षं काढलेल्या तुमच्या कानाला फोनवर निम्मंच पोचतं, आणि उरलेलं निम्मं मी ओरडून सांगते ते शेजाऱ्यांना पोचतं. म्हणून पत्र.

मी हे घर सोडतेय. हे जाऊन सव्वा वर्ष झालं. एवढ्या खोल्या झाडायच्या कुणासाठी? मार्चअखेर लेकीकडे राहायला जाईन. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. माझी खाट मावेल, यांची खुर्ची मावेल. सहा फुटी काचेची टाकी मावणार नाही. आणि टाकीतले साहेब तर नाहीतच.

साहेब तुम्हाला आठवत असतील. यांनी आणला तेव्हा बोटाएवढा होता, केशरी, पाठीवर पांढरा डाग. बारा वर्षांत सव्वा हात लांब झालाय. वळताना शेपूट काचेला घासतं. माशांच्या दुकानातला माणूस परवा बघून म्हणाला, "काकू, हा आता मासा नाही राहिला, भाडेकरू झालाय. याला बाहेर तळं लागेल." घ्यायला मात्र तोही तयार नाही.

तुमच्या मागच्या अंगणात जागा आहे. मागायला मला तोंड नाही, हे ठाऊक आहे. तुम्हा दोघा भावांत जे झालं त्यावर मी काही लिहीत नाही. पण यांनी बारा वर्षं रोज ज्याच्याशी गप्पा मारल्या तो जीव परक्याच्या दारात सोडवत नाही.

नाही म्हणालात तरी रागावणार नाही.

तुमची वहिनी


१३ फेब्रुवारी

आदरणीय वहिनी,

साहेबांना मी नेतो. विचारायचं काय त्यात?

दादाच्या शेवटच्या वर्षांत मी तुमच्या घराची पायरी चढलो नाही. चढायला निघालो तेव्हा उशीर झाला होता. फाटकाशी उभा राहिलो आणि तसाच परत फिरलो. तुम्ही खिडकीतून पाहिलंत, हेही मला माहीत आहे. त्याची भरपाई माशानं होत नाही. पण निदान मासा तरी सांभाळतो.

काल गवंडी येऊन माप घेऊन गेला. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल. तुमची जाऊ म्हणते, "एवढ्या खड्ड्यात तुम्हीही मावाल, मला बरंच होईल." अर्ध्या भागावर झाडाची सावली येते. वरून जाळी बसवतोय, शेजारच्या मांजरीची नजर वाईट आहे. नव्या सिमेंटचा कडवटपणा पाण्यात उतरतो, तेव्हा तळं तीनदा भरून तीनदा उपसणार आणि चौथ्यांदा भरेन ते साहेबांसाठी.

पाण्याची काळजी तुम्ही करू नका. एकतीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. आमच्या शुद्धीकरण केंद्रातून तुमच्या शहरापर्यंत वीस किलोमीटर नळ जातो, आणि माझ्या पाण्यानं एकाही पोराचं पोट बिघडल्याचं ऐकलं नाही. माशाचं काय घेऊन बसलात!

धाकटा


२४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. फाटकाचं वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही, म्हणून कामाचंच लिहिते.

यांची माशाची वही सापडली. 'साहेबांना हलवताना' असं एक अख्खं पान आहे. तळं करायचं यांच्याही मनात होतं म्हणायचं. जसंच्या तसं उतरवते:

निघायच्या आधी दोन दिवस खायला घालायचं नाही, नाहीतर वाटेत तो आपलंच पाणी घाण करतो. जाळीनं उचलायचं नाही. एवढा मोठा मासा जाळीत आपल्याच वजनानं खरवडून निघतो, खवले जातात. ओली चादर पाण्यात त्याच्याखाली सरकवायची, दोघांनी दोन टोकं धरायची आणि चादरीसकट टबात ठेवायचं. टबात टाकीतलंच पाणी. वर झाकण, कारण उडी मारतो. अंधारात शांत राहतो. गाडी सावकाश. पोचल्यावर लगेच सोडायचं नाही. टब तळ्याशेजारी सावलीत ठेवून तळ्याचं पाणी तांब्या-तांब्यानं त्यात घालत राहायचं, तासभर तरी. त्याच्या अंगाला सवय होऊ द्यायची. टाकीतलं पाणी एक पिंप भरून जास्तीचं बरोबर न्यायचं, वेळ सांगून येत नाही.

आणि शेवटी, भाऊजी, रागावू नका, हे यांचे शब्द आहेत: नळाचं पाणी आठवडाभर उघड्यावर शिळं करायचं. घाई असेल तर थेंब.

क्लोरीन मारणाऱ्या थेंबांची यांची बाटली अजून अर्धी आहे. ती देईन. तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून यावर पुढे बोलत नाही.

तुमची वहिनी


१७ मार्च

प्रिय भाऊजी,

काल तुम्ही निघालात आणि मी पुन्हा आत आले तर टाकीतला दिवा चालूच होता. रिकाम्या टाकीत दिवा. बंद करायला हात होईना.

तुम्ही आणि तुमच्या गाडीवाल्यानं साहेबांना ज्या अलगदपणे चादरीत घेतलंत ते बघून माझी अर्धी काळजी गेली. गाडीवाला म्हणाला, "बाई, मी नवरीमुलीच्या सामानालाही एवढं जपत नाही." चार वर्षांनी तुम्ही या घरात चहा प्यायलात. कपात अर्धा ठेवलात, तेही बघितलं.

साहेब पोचले का नीट? रात्रभर शांत होते का? तळ्यात खाली गेले की कोपऱ्यात बसले? सगळं सविस्तर लिहा.

थेंबांची बाटली तुमच्या पिशवीत वरच्या बाजूला ठेवली आहे. तिच्यावर यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे. थेंब संपले तरी बाटली फेकू नका. यांचं अक्षर आता माझ्याकडे फार ठिकाणी उरलेलं नाही. येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुमची वहिनी


२१ मार्च

आदरणीय वहिनी,

साहेब सुखरूप पोचले. काळजी नसावी.

वाटेत एक थेंब सांडला नाही. पोचल्यावर वहीत लिहिल्याप्रमाणे टब सावलीत ठेवला आणि तासभर तांब्या-तांब्यानं तळ्याचं पाणी घातलं. मग चादर तिरकी करून सोडलं. काय रुबाब वहिनी! तळ्याला एक पूर्ण चक्कर मारली, जागेची पाहणी करायला आलेल्या अधिकाऱ्यासारखी. साहेब नाव दादानं उगाच ठेवलेलं नाही.

नंतर तर वर येऊन पाण्याच्या अगदी कडेला तोंड उघडझाप करत राहिले. जणू गप्पाच मारत होते. मी हिला म्हटलंही, बघ, दादाशी बोलायचे तसे बोलतायत.

आता चांगले रुळलेत. खातात-पितात. तळ्यात दोन कुंड्या पानवेलीच्या सोडल्यात, त्यांच्या सावलीत असतात. दुपारी ऊन पाण्यात शिरतं तेव्हा पाठीवरचा पांढरा डाग चमकतो.

तुम्ही घर आवरण्याकडे लक्ष द्या. इकडे सगळं उत्तम आहे.

धाकटा


२८ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र लेकीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काकांनी एवढं लांब पत्र आयुष्यात कुणाला लिहिलं नसेल." मी म्हटलं, साहेबांनी लिहायला लावलं.

एक विचारू? तोंड उघडझाप करत होते म्हणालात. किती वेळ? इथे बारा वर्षांत ते खाण्याच्या वेळेशिवाय वर आले नाहीत. यांच्याशी बोलायचे ते खालूनच, काचेशी येऊन. वर येऊन तोंड उघडणं म्हणजे श्वास पुरत नसल्याची खूण, असं हे म्हणायचे. पहिल्या दिवसाचं बावरलेपण असेल, असं मी माझी समजूत घालते. आता तर रुळलेत ना?

मी लेकीकडे आले. खुर्ची मावली. लेकीला पुढच्या रविवारनंतर सुट्टी आहे, आम्ही दोघी येऊ म्हणते. साहेबांना बघायचंय. जाऊबाईंना सांगा, काही करत बसू नका.

तुमची वहिनी


४ एप्रिल

आदरणीय वहिनी,

आताच येऊ नये असं वाटतं. इकडे रस्त्याचं काम निघालंय, धूळ फार. शिवाय साहेबांना नव्या जागेची सवय होते आहे तोवर माणसांची वर्दळ नको. जूनमध्ये बघू.

तोंडाचं म्हणाल तर थोडा वेळच होतं ते. आता नाही.

धाकटा

जाऊबाई, हे पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून मागच्या बाजूला दोन ओळी. यायचं असेल तर चार दिवस आधी कळवा. न्हाणीघर मोकळं करायला वेळ लागेल. रस्ता चांगला आहे, कुठलंही काम निघालेलं नाही. — धाकटी जाऊ


९ एप्रिल

भाऊजी,

न्हाणीघर मोकळं का करायचं?

वहिनी


१३ एप्रिल

वहिनी,

चार कागद फाडले. हा पाचवा.

साहेब तळ्यात नाहीत. अठ्ठावीस दिवस झाले, ते माझ्या न्हाणीघरात टबात आहेत. आम्ही दोघं मागच्या ओसरीत आडोसा करून आंघोळ करतो. शेजारचा शिंपी रोज विचारतो, "काय हो, न्हाणीघरात पाहुणे उतरलेत का?" मी हो म्हणतो. तेवढं एकच खरं मी या महिन्यात बोललो.

झालं ते सरळ सांगतो.

तीनदा तळं उपसलं, चौथ्यांदा भरायचं होतं. आठवडा आधी भरता आलं असतं. वेळ होता, नळाला पाणी होतं. मी मुद्दाम भरलं नाही. सोळा तारखेला सकाळी तुमच्याकडे निघायच्या आधी नळी लावली आणि ताजं भरलं. दादा म्हणायचा शिळं करा. मला दाखवायचं होतं, की माझं पाणी ताजंच चांगलं असतं.

वहिनी, मला माहीत होतं. अडाण्यासारखं झालं असतं तर एवढं लागलं नसतं. क्लोरीनच्या मात्रा मी एकतीस वर्षं मोजल्या. केंद्राच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या नळावरचं पहिलं घर माझं. तुमच्यापर्यंत येईतो वीस किलोमीटरमध्ये निम्मा जोर उडून जातो. माझ्या नळाला पाणी सगळ्यात कडक. कामावर नव्यानं आलेल्यांना हे मीच पहिल्या दिवशी शिकवायचो.

माझ्या निवृत्तीचा समारंभ तुम्हाला आठवत असेल. आमचे मुख्य अभियंता होते, केंद्रातली सगळी माणसं होती. दादाला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि तो म्हणाला, "माझ्या भावाचं पाणी माणसांना चालतं, आमच्या माशाला नाही. आम्ही ते आठवडाभर शिळं करतो, मग साहेब त्यात पोहतात." सगळे हसले. अभियंतासाहेब तर रुमालानं डोळे पुसत हसले. मला शाल मिळाली, फुलं मिळाली, आणि लोकांनी घरी नेलं ते वाक्य. त्या दिवसापासून मी दादाशी बोललो नाही. एका माशावरून. तो आजारी असताना आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि दर वेळी ते हसणं कानात यायचं. ते हसणं ऐकायला माझा कान चांगला आहे, बाकीचं ऐकायला निकामी.

परत येताना गाडीत पिशवी उघडली. बाटली हाताला लागली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'धाकट्याच्या पाण्यासाठी.' मला वाटलं, मेल्यावरही चिडवतोय. मी ती गाडीवाल्याच्या हातात दिली आणि म्हटलं, कुठेतरी फेकून दे. त्यानं पुलावरून फेकली. तुमचं पत्र आलं त्याच्या आधीच ती गेली होती. दादाचं अक्षर मी पुलावरून फेकलं, वहिनी. मी पुलाखाली दोनदा जाऊन आलो. खाली नुसती झुडपं आणि काच.

साहेब सोडल्यावर चक्कर मारली ते खरं. पाव तासानं वर आले आणि तोंड उघडायला लागले. मी हिला म्हटलं, "बघ, गप्पा मारतायत." ही म्हणाली, "गप्पा कसल्या मारतोय, धापा टाकतोय तो. डोळे फुटले का तुमचे?" तेवढ्यात ते एका अंगावर कलंडले. मी आत धावलो, तपासणीची डबी आणली. तळ्याचं पाणी कुपीत घेऊन तपासणीचं औषध टाकलं तर पिवळंजर्द झालं; क्लोरीन जेवढं जास्त, तेवढा रंग गडद. कामावर असताना नळाच्या पाण्याला पिवळसर झाक आली की मी खूश व्हायचो, पाणी शुद्ध आहे म्हणून. तो रंग बघून मी पिशवीकडे धावलो.

थेंबांची बाटली हवी होती. ती पुलाखाली होती.

दादाच्या वहीतलं ते जास्तीचं पिंप होतं म्हणून मासा वाचला. हिनं टब रिकामा करून त्यात ते पाणी ओतलं, आम्ही दोघांनी चादर घालून साहेबांना काढलं. तीन दिवस ते तळाशी तिरके पडून होते. डावा डोळा दुधाळ झालाय, त्यानं बहुधा दिसत नाही. शेपटीची कड झिजल्यासारखी दिसते. आता खातात. मी गच्चीवर अठरा बादल्या मांडल्यात, तारखा घालून. सात दिवस जुनी असेल तीच बादली उतरवतो. अठरा बादल्यांचं शिळं पाणी, आणि ते मी करतोय.

तळ्यात पुन्हा सोडायची हिंमत होत नाही. पाणी महिनाभर उन्हात आहे, तपासलं तर रंग येत नाही, तरी हात पुढे जात नाही. पानवेलीच्या कुंड्या खऱ्या आहेत. त्यांच्या सावलीत कुणी नाही.

तुम्हाला मी खोटं लिहिलं ते भीतीपोटी नाही. दादाचं वाक्य खरं ठरलं आणि ते खरं करून दाखवणारा मीच, हे तुम्हाला कळू नये म्हणून. साहेबांना घेऊन जायचं असेल तर सांगा. कुठेही, मी सावकाश नेईन.

धाकटा


१९ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा लेक कामावर गेली होती. बरं झालं. मला एकटीनं वाचायचं होतं, आणि उत्तर द्यायला उठायलाही मला अर्धा दिवस लागला. तुमच्यावर रागावले म्हणून नाही. बाटलीसाठी रडले, हे लपवत नाही. पण जी गोष्ट मी सांगायला हवी होती ती तेरा वर्षं सांगितली नाही, आणि आता तुम्ही एवढं लिहिल्यावर गप्प बसले तर मला माणूस म्हणू नका.

साहेब आमचा पहिला मासा नव्हता.

त्याच्या आधी यांनी दोन आणले होते, मोठे, वीतभर. हौशीनं टाकी आणली, नळ सोडला, भरली, आणि त्याच दुपारी दोघांना सोडलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही पालथे. यांना काही कळेना. दुकानदारानं सांगितल्यावर कळलं, नळाचं पाणी. हे घरी येऊन खुर्चीत बसले आणि पहिलं वाक्य काय बोलले सांगू? "धाकट्याला सांगू नकोस. त्याच्या पाण्यानं मेले असं त्याला वाटेल. चूक माझी आहे."

चिठ्ठी त्या आठवड्यातली. बाटल्या बदलल्या, चिठ्ठी सोलून नव्या बाटलीवर लावत गेले. चिडवण्यासाठी नव्हती ती. ती फक्त यांना आणि मला दिसायची. 'धाकट्याच्या पाण्यासाठी' असं लिहिताना यांच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. एखाद्याच्या औषधाच्या बाटलीवर त्याचं नाव लिहितात ना, तसं.

मग साहेब आले. गॅलरीत बादल्या लागायला लागल्या. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय मांडलंय? दोन मासे मारले हे सांगायची यांना लाज वाटायची. एकदा म्हणून गेले, "भावाचं पाणी आहे, जरा शिळं करतो." लोक हसले. सुटले बिचारे. पुढच्या वेळी पुन्हा तेच. लपवायला घेतलेली गोष्ट थट्टा झाली, आणि थट्टा यांच्या तोंडात बसली. समारंभात ते बोलले तेव्हा मी शेजारी होते. तुमचा चेहरा मला दिसला. खरं काय ते मला माहीत होतं. आणि मी हसले, भाऊजी. सगळ्यांबरोबर, तोंडाला पदर लावून. घरी येताना हे म्हणाले, "जरा जास्त झालं का गं?" मी म्हटलं, "छे, भाऊजी मनावर घेणार नाहीत." मी एक वाक्य वेगळं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी हे तुमच्या दारात आले असते. चार वर्षं तुम्ही एका माशाला दोष देताय. निम्मा माझ्याकडे द्या.

अजून एक. आजारपणात यांना मी खिडकीशी निजवायचे. सकाळी सहाला नळ सुरू झाला की भांड्यात पडणारा आवाज ऐकून म्हणायचे, "धाकटा आला कामावर." तुम्ही निवृत्त झाला होतात तेव्हा. मी आठवण करून द्यायची. ते म्हणायचे, "असू दे, पाणी आलंय ना." हे मी तुम्हाला कळवायला हवं होतं. मी वाट बघत बसले, की आधी तुम्ही याल.

साहेबांना मी नेणार नाही. न्यायला ठिकाणही नाही, आणि मनही नाही. यांची वही पाठवते आहे, मूळचीच. यांचं अक्षर हवं असं मीच म्हणत होते, ते तुमच्याकडे राहू दे, मी येऊन वाचीन.

आता तळ्याचं. टबातून तळ्यात नेणं म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून: दोन दिवस उपास, ओली चादर, तांब्या-तांब्यानं पाणी. या वेळी एक नाही, दोन तास. उन्हं उतरल्यावर सोडा. एका डोळ्यानं दिसत नसेल तर काठाला धडकतील, कुंड्या सरकवून त्या बाजूला ठेवा. जाऊबाई बरोबर असू देत. त्यांचे डोळे चांगले आहेत.

आणि मला खरं काय ते लिहा. वाईट झालं तरी.

तुमची वहिनी


३० एप्रिल

आदरणीय वहिनी,

वही पोचली. पहिल्या पानावर दोन काळ्या रेघा आणि तारीख, बाकी काही नाही. तुम्ही लिहिलं नसतंत तर मला कळलं नसतं, की ते दोन मासे आहेत. ते पान उघडं ठेवून मी बराच वेळ बसलो.

चिठ्ठीचं वाचल्यावर तिसऱ्यांदा पुलाखाली गेलो. नाही मिळाली. मिळणार नव्हतीच, पण गेलो.

आज साहेबांना तळ्यात सोडलं.

परवापासून उपास होता. सकाळी तळ्याच्या चारही कोपऱ्यांतलं आणि तळाचं पाणी तपासलं, दादाच्या वहीत पाच आकडे लिहिले. पाचही शून्य. आयुष्यात पहिल्यांदा शून्य आल्यावर मला बरं वाटलं. कामावर असताना शून्य आलं की धाबं दणाणायचं. दुपारी टब बाहेर काढायला शिंपी आला. त्याला खरं काय ते सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मापं घेताना मीही चुकतो, आणि दोष गिऱ्हाईकाच्या पोटाला देतो." मग स्वतःच चादरीचं टोक धरलं.

दोन तास तांब्यानं पाणी घातलं. ही घड्याळ घेऊन बसली होती. एकदा मी म्हटलं, "झालं असेल आता," तर म्हणाली, "अजून वीस मिनिटं आहेत, गप बसा." गप बसलो. उन्हं उतरली तेव्हा चादर तिरकी केली. साहेब लगेच गेले नाहीत. चादरीच्या घडीत तसेच थांबले, उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत. मला त्यांच्या नजरेला नजर देववेना. मी म्हटलं, "चुकलं." दादाला म्हणायचं होतं, ते माशाला म्हटलं. मग ते गेले.

डाव्या बाजूला एकदा कुंडीला घासले, वळले, आणि पानवेलीखाली शिरले.

आता हे पत्र तळ्याच्या काठावर बसून लिहितोय, अजून उजेड आहे. दीड तास झाला. साहेब एकदाही वर आलेले नाहीत. तळाशी आहेत, कल्ले सावकाश हलतायत, पांढरा डाग अंधुक दिसतो.

आज सकाळी सहाला मी इथल्या नळाखाली पहिली बादली लावली होती. आवाज ऐकत उभा राहिलो.

तुम्ही दोघी कधीही या. रस्ता चांगला आहे.

वहिनी, खालीच आहेत ते, वर येत नाहीत. हे चांगलं लक्षण आहे ना? मला माहीत नाही, म्हणून विचारतोय.

धाकटा